गुरुवारची चाळीस मिनिटं

गिटारी ऐकायच्या असतील तर गुरुवारी या,
राजेशम गाजूल फोनवर ओरडून म्हणाले होते.
सव्वाअकराला वीज जाते.
तोवर आमच्या गल्लीत
कुणाला कुणाचं काही ऐकू येत नाही.

तसंच होतं. अशोक चौकाच्या मागे
दोन्ही अंगांना टॉवेलचे माग,
खटकखटक, खटकखटक,
बशीतला चहासुद्धा थरथरत होता.
तो आम्ही खुणांनीच मागवला होता.
रूफस उबाळे सर उजव्या हाताची नखं
बारीक कानशीने घासत बसलेले,
आणि समोर तीन गिटारी,
शिक्षा झालेल्या पोरांसारख्या
भिंतीकडे तोंड करून.
वर खडूने एक, दोन, तीन.

पैसे माझे, म्हणून कान माझा.
तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली मी,
'हॅलो'वरून माणूस ओळखायचे,
'हॅलो'च्या आधीच्या श्वासावरूनसुद्धा.
मलाही भिंतीकडे तोंड करून बसवलं.

वीज गेली अकरा एकोणीसला.
माग एकदम थांबत नाहीत,
एकेक करून दम सोडतात.
शेवटचा कुणाचा तरी, दोन घरं पलीकडचा.
मग कुठलंसं तेलुगूतलं भांडण
ओरडता ओरडता उघडं पडलं
आणि लाजून गप्प झालं.

सर वाजवू लागले.
पहिली शिसवाची.
ट्रंककॉलसारखी, लांबून पण स्वच्छ,
वाईट बातमी कुणी
शब्द न गिळता सांगावी तशी.
दुसरी फणसाची, जवळची,
शेजारच्या खोलीत कुणी
पुटपुटत घरखर्चाचा हिशेब करतंय.
तिसरी
आधी काहीच नाही.
मग सुरामागून आणखी एक सूर, उशिरा,
लाइनवर तिसरंच कुणीतरी असल्यासारखा.

सर म्हणाले, ही खालच्या तारेवर गुरगुरते.
रविवारी उपासनेला चालेल, रेकॉर्डिंगला नाही.

दुसऱ्या फेरीत त्यांनी क्रम बदलला
आणि मी फणसाला शिसव म्हणाले.
तेहतीस वर्षांचा कान!
कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

राजेशम मात्र ऐकतच नव्हते.
चाळीस वर्षं जॉबर होते ते,
कान मागांच्या नावावर कधीच जमा झालेले.
प्रत्येक गिटारीच्या कडेवर
खालचा जबडा टेकवायचे
आणि सरांना नुसती मान हलवायचे, वाजव.
पहिलीला डोळे उघडे.
दुसरीला उघडे.
तिसरीला मिटले.
तिची पाठ वडिलांच्या हातमागाच्या खांबाची,
सागवान, हे त्यांनी नंतर सांगितलं,
तेही मी लाकूड विचारलं म्हणून.
ऊन आहे ना आपल्याकडं, म्हणाले,
लाकूड लवकर खरं बोलतंय.

बाराला एक कमी असताना वीज आली.
आधी एक माग, मग सगळी गल्ली.
सर गिटार ठेवून उठले होते,
तिसरीला कुणाचाही हात नव्हता,
आणि तिची सहावी तार
कुणी न छेडता थरथरू लागली, धूसर झाली.
राजेशमनी वाकून जबडा टेकवला.
ओठ हलले. ऐकू आलं नाही,
पण ओठ मला वाचता येतात:
बोलालीय बघा.

मी दुसरी घेतली.
पेन्शनीत तीच बसत होती,
शिवाय तिसरी विकायची आहे का
हे विचारायला मला ओरडावं लागलं असतं.
बाद टॉवेलांत गुंडाळून रिक्षातून
जुळे सोलापूरला आणली.

रोज संध्याकाळी वाजवते. चांगली आहे.
वर पंखा फिरतो, खालून टेम्पो जातात,
शेजारची मिक्सर लावते,
आणि हिला काहीच होत नाही.